मुंबईची तिजोरी आणि कुणब्याचा पैसा

मुंबई महानगरपालिकेच्या जमाखर्चावर नांदूरघाटाहून अग्रलेख लिहावा, हे आमच्या कित्येक वाचकांस नवलाचे वाटेल. आपल्या ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचा मेळ बसता बसत नाही, आणि हे मास्तर निघाले मुंबईचा हिशेब तपासावयास, असेही कोणी म्हणेल. म्हणणाराने खुशाल म्हणावे. परंतु ज्या तिजोरीत आपला पैसा पडतो, तिच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे विचारण्याचा हक्क कुणब्यास आहे. आणि मुंबईच्या तिजोरीत आपला पैसा पडतो, हेच आज आम्हास आकडे मांडून दाखवावयाचे आहे.

१ जुलै २०१७ पूर्वी मुंबईच्या वेशीवर दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथे जकातनाके होते. बाहेरून येणाऱ्या मालावर तेथे जकात बसे, आणि पालिकेच्या साऱ्या कमाईत ती मोठी बाब असे; वर्षाकाठी सुमारे सात हजार कोटी रुपये. नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत, ड्रायव्हर-क्लीनर तासन्‌तास ताटकळत, आणि पावतीचा एक भाव नि बिनपावतीचा दुसरा भाव, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. ती पीडा गेली ह्याचे आम्हास मुळीच दुःख नाही. वस्तू व सेवा कर आला, ज्याला सारे जीएसटी म्हणतात, आणि जकात त्याच्या पोटात गडप झाली. पण नाका उठला म्हणून पैसा द्यावयाचा थांबला, असे ज्यास वाटते तो भोळा. राज्य सरकारने त्याच वर्षी कायदा करून पालिकेस बुडालेल्या जकातीची भरपाई दरमहा द्यावयाचे कबूल केले. जुलै २०१७ मध्ये पहिल्या महिन्याचा धनादेश मुंबईस दिला तो ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा. आणि ही रक्कम दरवर्षी शेकडा आठ ह्या चक्रवाढीने वाढावयाची, असे ठरले.

आठवीच्या पोरांना चक्रवाढीचे गणित घालावयाचे तर हेच घालावे. ६४७ कोटी ३४ लाखांस बाराने गुणा. ७,७६८ कोटी होतात. शेकडा आठची वाढ धरली तर रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. आठ वर्षांची वाढ करून पाहा, उत्तर चौदा हजार तीनशे कोटींच्या पुढे येते. पालिकेने २०२५-२६ सालच्या अंदाजपत्रकात ह्या बाबीखाली धरलेला आकडाही त्याच घरातला, सुमारे १४,४०० कोटी आहे. त्याच अंदाजपत्रकात मुंबईतील घरे, दुकाने, कचेऱ्या, हॉटेले, मनोरे ह्या सर्वांच्या मालमत्ता करापासून धरलेली रक्कम सुमारे ५,२०० कोटी. म्हणजे मुंबईची घरेदारे मिळून पालिकेस जेवढे देतात, त्याच्या पावणेतीन पट पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. दुसरी एक गोष्ट ध्यानात धरावी. जीएसटीपायी राज्यांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई केंद्र सरकार पाच वर्षे देत होते. ती जून २०२२ अखेर बंद झाली. पालिकेस राज्याकडून जाणारी भरपाई मात्र पुढेही चालू राहिली. वरून येणारी धार आटली आणि खाली सोडावयाची वाढत चालली.

राज्य सरकार हा पैसा आणते कोठून? त्याने काही नोटांची बाग लावलेली नाही. तुम्ही घराच्या भिंतीला सिमेंटची गोणी आणता, तिच्यावर शेकडा १८ कर आहे. सप्टेंबर २०२५ पूर्वी तो २८ होता. पोराच्या मोबाईलचे रिचार्ज मारता, त्यावर १८. खताच्या गोणीवर ५. ह्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. लोहाराने पोलादाची पट्टी घेतली, सुताराने फळी घेतली, शिंप्याने दोऱ्याचे रीळ घेतले, तरी कर चुकत नाही. दुकानदार तो हातातून हातात घेतो, किमतीत मुरलेला असतो, म्हणून आपण कर भरला हे आपणासच कळत नाही. जकातीत हेच होत असे. नाक्यावरचा शिपाई दिसत असे, एवढाच फरक.

ह्यावर मुंबईकर शहाणे लगेच म्हणतील की, अहो, मुंबईच साऱ्या महाराष्ट्राला पोसते. राज्याचा कर मुंबईत गोळा होतो, त्यातले थोडे मुंबईला परत गेले तर मास्तरांच्या पोटात का दुखावे? ह्या बोलण्यात अर्धा आणा खरे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. मुंबईतील गिरण्या, बंदर, बाजार, पेढ्या ह्यांनी राज्यास पैसा दिला आणि देतात. परंतु कर मुंबईत भरला म्हणजे तो मुंबईकराच्याच खिशातून आला, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? कंपनीची कचेरी मुंबईत, तिचे विवरणपत्र मुंबईत, आणि साबण विकला केजच्या बाजारात. दूध काढले तुमच्या गोठ्यात आणि माप घातले डेअरीवर, म्हणून म्हैस डेअरीची होत नाही. मालाची किंमत ज्याने मोजली, कर त्याने भरला.

येथे आमचा हेतू मुंबईचा घास तोडून बीडला द्यावा असा आहे, असे कोणी समजू नये. मुंबई परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसे पोटासाठी निघाली, त्यांतली कितीतरी चेंबूर, गोवंडी, घाटकोपरच्या वस्त्यांत कायमची राहिली. आपल्या जिल्ह्यातला मनुष्य एक तर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जातो, नाही तर पुण्या-मुंबईस जातो. तेव्हा तेथे नळ कोणाला, गटार कोणाला, दवाखाना कोणाला, हा आमच्याच भाऊबंदांचा प्रश्न आहे. आमचा वाद एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘करदाता’.

मुंबईत ‘करदात्यांच्या पैशाचा अपव्यय’ अशी ओरड सदा ऐकू येते. ही ओरड करणारा करदाता कोण? ज्याच्या नावाने मालमत्ता कराचे बिल येते तो. ह्या समजुतीस दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८६५ साली मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाच्या कमिशनरच्या हाती दिला गेला. त्याने मंडई बांधली, रस्ते केले, घाण उपसली, आणि तिजोरीचा तळ उघडा पाडला. घरवाल्यांनी १८७१ साली मोठा गलबला केला, आणि १८७२ च्या कायद्याने पट्टी भरणारांस प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार मिळाला. सरकारी मनमानीला लगाम बसला, हे चांगलेच झाले. परंतु मत मिळाले ते पट्टीच्या पावतीला. चाळीतला गिरणीवाला, गोदीतला हमाल, मैला वाहणारा भंगी, ह्यांनी मिठापासून कापडापर्यंत प्रत्येक जिनसेवर कर भरला, तो कोणाच्या खातेवहीत चढला नाही. सर्व प्रौढांस मताचा अधिकार होऊन पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. कायद्यातून पावतीची अट गेली. मनातून ती गेली असे आम्हास दिसत नाही.

आता पाहा. जानेवारी २०२२ पासून मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर राज्य सरकारने माफ केला. सोळा लाखांवर घरांस त्याचा लाभ झाला. लहान घरात राहणारा मनुष्य बहुधा लहान कमाईचा असतो, तेव्हा ह्या माफीस आम्ही वाईट म्हणणार नाही. जरी ५०० फुटांचे एखादे घर मलबार हिलच्या पायथ्याशीही असू शकते आणि त्याची किंमत अख्ख्या नांदूरघाटच्या शिवाराला भारी पडेल. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात, पालिकेने झोपडपट्टीतील दुकाने, गाळे, कारखाने, खाणावळी ह्यांवर कर बसवावयाचे मनात आणले. अडीच लाख झोपड्यांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे पन्नास हजार, अशा धंद्याच्या आहेत, आणि त्यांपासून ३५० कोटी मिळतील, असा अंदाज बांधला. हे गाळेवाले कोण? धारावीच्या कुंभारवाड्यात चाक फिरविणारा कुंभार, चामड्याच्या पिशव्या शिवणारा चांभार, जरीकाम करणारा, भंगार निवडणारा, वडापाव तळणारी बाई. आपलेच बलुतेदार हे, गाव सोडून गेलेले.

त्यांनी कर देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. धंदा करणाराने पट्टी द्यावी. किंबहुना पट्टीची पावती हाती असली तर उद्या घर पाडावयास आलेल्या मुकादमाला ती दाखविता येते, हेही गरीब मनुष्य जाणतो. परंतु सौदा दुहेरी असावा. पट्टी घेतल्यावर त्या गाळ्यास परवाना, नळ, गटार, दिवा हे पालिकेने दिलेच पाहिजे. तसा शब्द अंदाजपत्रकात आधी लिहावा आणि मग हात पुढे करावा. ‘कर घेऊ, पण ह्यामुळे तुमची जागा अधिकृत झाली असे समजू नका,’ अशी मखलाशी केली तर तो कर नव्हे, खंडणी होय. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या दाव्यात निकाल दिला की, वस्ती बेकायदा असली तरी तेथील माणसास पाणी नाकारता येत नाही. माणसाची तहान सातबारा पाहून लागत नाही, एवढे कळावयास आपल्या राज्यात उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले!

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. मुंबईस रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी लागते. त्यातले बहुतेक ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून, तानसा, वैतरणा, भातसा ह्या धरणांतून येते. तानसाचे धरण १८९२ सालचे. ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे, त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मांजरेच्या धरणाकाठी राहून कोरडे पडणाऱ्या आमच्या केज तालुक्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात ते असे.

आता सेवेकडे येऊ. कर कोणापासून घेता ह्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न, काम कोणाकडून कसे करून घेता हा आहे. मुंबईचा कचरा उचलणारे हजारो लोक पालिकेच्या पटावर कायम आहेत, आणि हजारो लोक तेच काम, त्याच रस्त्यावर, तीच घाण हाताळून, कंत्राटदाराच्या पटावर करीत आले. हे बहुतेक दलित समाजाचे, आणि त्यांतही मराठवाड्यातून गेलेले पुष्कळ. काही काळ तर ह्या कामगारांस कामगार म्हणावयाचेही नाही, ‘स्वयंसेवक’ म्हणावयाचे, आणि मजुरीस ‘मानधन’ म्हणावयाचे, अशी युक्ती काढण्यात आली. त्यास ‘हैदराबाद पद्धत’ असे नाव होते. नाव आपल्या जुन्या निजामी राजधानीचे, म्हणून आम्हास विशेष मौज वाटली. पहाटे उठून दुसऱ्याचा उकिरडा हौसेने उपसणारा स्वयंसेवक पृथ्वीच्या पाठीवर कोणी पाहिला आहे काय? मजूर म्हटले की किमान वेतन द्यावे लागते, रजा द्यावी लागते, हातमोजे द्यावे लागतात. स्वयंसेवक म्हटले की सारे सुटले. शब्दाची ही करामत जुनीच आहे. वेठबिगारीस एके काळी मान म्हणत आणि उष्ट्या भाकरीस हक्क म्हणत.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई न्यायालयात नेली. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला. पालिका तो मान्य न करता वर वर जात राहिली, आणि शेवटी ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांस कायम करण्याचा निकाल कायम ठेवला. जकात बंद होऊन भरपाईचा पहिला धनादेश आला त्याच्या तीन महिने आधीची ही गोष्ट. इतके होऊनही अनेकांची नेमणूक अडली. कशावरून? तर कागदावरच्या नावात अक्षराचा फरक पडला म्हणून! एका कागदावर ‘बाळू’ आणि दुसऱ्यावर ‘बालू’ असले तर तो मनुष्य दुसराच, असा न्याय. आम्ही शाळामास्तर आहोत. नावे कशी लिहिली जातात हे आम्हास ठाऊक आहे. ज्याच्या बापाला अक्षर ओळख नव्हती, त्याचे नाव मुकादमाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. कचरा बिनचूक उचलला गेला; लिहिणाराची चूक उचलणाराच्या माथी मारली.

सुधारणेचे वारे अजून त्याच दिशेने वाहते. २०२५ साली कचरा उचलून वाहून नेण्याच्या कामाची सुमारे ४,००० कोटींची निविदा पालिकेने काढली तेव्हा कामगार संघटनांनी हरकत घेतली, ती उगाच नाही. ‘बेस्ट’च्या गाड्यांचेही पाहा. ही सेवा ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने आपल्या हाती घेतली, आणि देशात तिचे नाव झाले. पुढे स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. २०१९ साली कमीत कमी भाडे पाच रुपये केले म्हणून टाळ्या वाजल्या. मे २०२५ मध्ये ते एकदम दहा झाले. घरकाम करणारी बाई दिवसातून दोन गाड्या बदलून कामावर जात असेल, तर जाऊन येऊन तिचे वीस रुपयांचे चाळीस झाले. हीसुद्धा पट्टीच आहे. ती कोणत्याही अंदाजपत्रकात ‘करवाढ’ म्हणून लिहिलेली सापडणार नाही. उलट, ‘यंदा कोणतीही करवाढ नाही’ असेच छापून येते.

मग तिजोरी रिकामी आहे म्हणावे, तर तेही नाही. २०२२ साली पालिकेच्या बँकांतील ठेवी सुमारे ९२ हजार कोटी रुपये होत्या. पुढे त्या घटल्या, आणि हाती घेतलेल्या कामांचे देणे मात्र दोन लाख कोटींच्या वर गेले. ह्या घडामोडींचा बराचसा काळ असा की, निवडून दिलेला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे एकटा प्रशासक अंदाजपत्रक मांडी आणि तोच मंजूर करी. मुलाने पेपर लिहावा आणि गुणही त्यानेच घ्यावे, असा हा प्रकार. त्याआधी निवडलेले लोक होते तेव्हा सारे सोन्याचे होते असेही नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ ह्या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली, तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यात निविदेवाचून दिलेली २१४ कोटींची वीस कामे निघाली. कित्येक कंत्राटदारांशी रीतसर करारच केलेला नव्हता. आमच्या ग्रामसेवकाने निविदेवाचून नालीचे लाखाचे काम दिले तर त्यास निलंबित व्हावयास आठ दिवस पुरतात.

आणि प्रशासकाच्याच काळात मुंबईच्या सुशोभीकरणाचा सुमारे १,७०० कोटींचा घाट घालण्यात आला. खांबांना, झाडांना, पुलांना रंगीबेरंगी दिवे लावले. जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून १८८० साली स्वागतावर हजार रुपये उधळावयाचे ठरले, तेव्हा त्यांनी तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगून विरोध केला. ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या त्यांच्या पुस्तकात गाडीभर माळवे शहरात आणणारा शेतकरी जकात देऊन, दलाली देऊन रिकाम्या हाताने घरी जातो, त्याचा हिशेब मांडलेला आहे. आज मुंबईतील क्रॉफर्डच्या मंडईस त्यांचे नाव आहे. पाटीवर नाव लावावयास खर्च थोडा येतो. त्यांनी मांडला तसा हिशेब मांडावयाचा तर मात्र बऱ्याच जणांची झोप उडेल.

आमची मागणी मोठी नाही. राज्य सरकार दरसाल चौदा हजार कोटींच्या वर जी रक्कम मुंबईस देते, ती कोणत्या कामी लागली ह्याचा वेगळा, मराठीतला, सामान्य माणसास वाचता येईल असा तक्ता दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. हा पैसा ज्या शहरास मिळतो, त्या शहराने सफाईचे नित्याचे काम कंत्राटी, स्वयंसेवकी वा दुसऱ्या कोणत्याही टोपणनावाने करून घेऊ नये, अशी अट त्याला जोडावी. रोज लागणारे काम करणारा मनुष्य रोजचा नोकर आहे. झोपडीतल्या गाळ्यावर पट्टी बसवावयाची तर बिलाच्या मागल्या बाजूस त्या गाळ्यास मिळावयाच्या सोयी छापाव्या, आणि सोय न मिळाल्यास पट्टी थांबविण्याचा हक्क गाळेवाल्यास असावा. चौथी गोष्ट ग्रामसभेची. आपल्या गावात वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते, कोणीही उठून सरपंचास खर्च विचारतो, भांडणही होते, पण विचारता येते. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. प्रत्येकात अशी सभा भरू द्या आणि तीत चाळवाला, झोपडीवाला, भाडेकरू सारे बसू द्या.

राज्याचे अंदाजपत्रक मार्चमध्ये येते. त्याच्या आधी आमच्या केज तालुक्यातील ग्रामसभांनी ह्या भरपाईच्या तक्त्याबद्दल दोन ओळींचा ठराव करून आपल्या आमदारांकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा ज्यांस हवा असेल त्यांनी शाळेत येऊन तो उतरून न्यावा. लिहिता येत नसेल तर आमचे सातवीचे विद्यार्थी लिहून देतील. आमदारसाहेबांकडून जे उत्तर येईल ते, आले तर, ह्याच रकान्यात जसेच्या तसे छापू.